‘लोक’ म्हणजे निनावी नव्हे

१/ ‘अमुक कलावंताने लोककलेला प्रतिष्ठा मिळवून दिली’ असे आपल्याकडे सर्रास लिहिले जाते. माझा आक्षेप या वाक्यालाच आहे. एकाची स्तुती करता करता ते आधीच्यांची नावे पुसून टाकते. एक दाखला युरोपातला पाहू, दुसरा सातारा-सांगलीचा.

२/ फ्रान्झ लिस्ट याची दुसरी ‘हंगेरियन ऱ्हॅप्सडी’ ही एकट्या पियानोसाठीची रचना १८४७ची, प्रकाशन १८५१चे. आधी संथ, गंभीर ‘लाशान’, मग बेभान ‘फ्रिश्का’. वादकाच्या बोटांची कसोटी पाहणारी ही रचना हंगेरीच्या लोकसंगीतावर बेतलेली म्हणून ओळखली जाते.

३/ पण हे कोणते ‘लोक’? संथ-द्रुत अशी ही मांडणी रोमा वादकांच्या ताफ्यांत आधीच रुळलेली होती. यानोश बिहारी हा रोमा व्हायोलिनवादक तर लिस्टच्या बालपणीच कीर्तिमान होता. पुढे १९०५-०६पासून बार्टोक आणि कोडाय खेडोपाडी हिंडले, तेव्हा शेतकऱ्यांचे संगीत निराळेच निघाले.

४/ लिस्टच्या पदरी एक पुण्य मात्र आहे. १८५९च्या ग्रंथात त्याने या संगीताचे श्रेय रोमांना दिले. किंबहुना अवाजवी दिले, कारण त्यातील कित्येक चाली हंगेरियन रचनाकारांच्या होत्या. श्रेय चुकले, तरी ते कोणाचे हा प्रश्न त्याने विचारला.

५/ आता आपल्याकडे या. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजेच शाहीर पठ्ठे बापूराव, यांचा जन्म १८६६ साली रेठरे हरणाक्ष येथे झाला. गाव वाळवा तालुक्यातले. तेव्हा जिल्हा सातारा, आज सांगली. जातीचा रोष पत्करून हा ब्राह्मण तमाशाच्या फडात उतरला. त्यांच्या प्रतिभेविषयी वाद नाही.

६/ वाद आहे तो ‘त्यांनी तमाशाला प्रतिष्ठा दिली’ या म्हणण्याशी. तमाशातील पहिला वग मानला जाणारा ‘मोहना-बटाव’ १८६५च्या सुमाराचा. कर्ते मातंग शाहीर उमा सावळजकर. सावळज तासगाव तालुक्यातले, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातलेच. ज्या वगांनी बापूराव गाजले, तो प्रकार त्यांच्या जन्माआधीच उभा राहिला होता.

७/ बरे, ब्राह्मणाने फडात उतरणेही नवे नव्हते. पेशवाईत सोलापूरचे रामजोशी उतरलेच होते. आणि बापूरावांच्या फडाची कीर्ती पवळाबाईंच्या नृत्यावाचून सांगताच येत नाही. त्या महार समाजातल्या. तरीही कथेचा नायक एकच उरतो, आणि बाकीचे सारे ‘लोक’ होतात.

८/ कोणी म्हणेल, बापूरावांनी त्याग केला, त्याचे मोल नाही का? आहेच. पण त्यांनी सोडलेली जात हीच त्यांच्या कलेची ‘प्रतिष्ठा’ ठरत असेल, तर तो त्याग आपणच व्यर्थ ठरवतो. त्यांनी जे शिकण्यासाठी घर सोडले, ते शिकवणारे फडात आधीपासून होते.

९/ म्हणून बापूरावांचे गाव पाहायला रेठऱ्याला जाल, तेव्हा वाट थोडी वाकडी करून सावळजलाही जा. आणि परतल्यावर लिहाल, तेव्हा दोन्ही नावे लिहा.