रहस्यकथा कुठल्या खणात?

जूनमध्ये शाळेच्या ग्रंथालयाची कपाटं उघडतात, तेव्हा पुस्तकं बहुधा दाखलक्रमांकानं लावलेली असतात. ‘फास्टर फेणे’ संपवलेल्या मुलाला ‘असंच आणखी एक’ हवं असतं. तिथं दाखलक्रमांक कामाचा नाही. म्हणून हा अंक आम्ही कथाप्रकारांना दिला आहे.

व्याख्या मात्र टाळल्या आहेत. त्या आल्या की चाचणीत पाच गुणांचा प्रश्न येतोच! आम्ही एका पुस्तकातून दुसऱ्याकडे जाणाऱ्या वाटा शोधल्या. भा. रा. भागवतांनी फेणे घडवला, तसा ज्यूल व्हर्नही मराठीत आणला. म्हणजे साहसकथेतून विज्ञानकथेत शिरायला दार आहेच. पुढे जयंत नारळीकर. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली, आद्याक्षरं उलटी करून! हा किस्सा खुद्द रहस्यकथेच्या खणात शोभेल. नारायण धारपांच्या भयकथा सातवीला द्याव्यात का, यावर मात्र आमच्यात एकमत झालं नाही. दोन्ही बाजू छापल्या आहेत.

तुमच्या शाळेत कोणता खण आधी रिकामा होतो आणि कुठल्या पुस्तकाला खणच सापडत नाही, ते कळवा. मुलांच्या अक्षरातली पत्रं आधी छापू.