घर बांधणाराचा वाली कोण ?

'घर पहावें बांधून आणि लग्न पहावें करून' ही म्हण ज्या काळीं रूढ झाली, त्या काळीं घर बांधणाराच्या मनांतली धास्ती मुख्यतः खर्चाची होती. अंदाज शंभराचा करावा आणि दीडशें लागावे, एवढाच तिचा मथितार्थ. आज कोल्हापूर, सांगली, सोलापूर यांसारख्या मध्यम आकाराच्या शहरांत ज्याला स्वतःच्या दीड गुंठ्यावर घर उभें करावयाचें आहे, त्याला खर्चाची धास्ती आहेच. परंतु तिच्याहून मोठी धास्ती आहे ती, हा खर्च ज्याच्या हातीं सोंपवावयाचा त्या माणसाची. ह्या माणसाला आपण ठेकेदार म्हणतों. तो कोण, काम कोठें शिकला, त्यानें पूर्वीं बांधलेल्या किती घरांच्या गच्च्या गळतात, किती जणांची उचल घेऊन तो दिसेनासा झाला, हें नागरिकाला सांगूं शकेल असें एकही सरकारी दफ्तर आमच्या शहरांत नाहीं.

हें विधान अतिशयोक्तीचें वाटेल, म्हणून कायद्याचीं पानें थोडीं उलटून पाहूं. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमांत आयुक्तांनीं कोणाकोणाला परवाने द्यावे हें सांगितलें आहे. त्यांत सर्वेक्षक आहे, वास्तुविशारद व अभियंता आहे, कामावर देखरेख ठेवणारा कारकून आहे, आणि नळ जोडणारा प्लंबरही आहे. वास्तुविशारदांसाठीं १९७२ सालीं संसदेनें स्वतंत्र कायदा केला, आणि नोंदणी झाल्यावांचून कोणीं ती उपाधि लावूं नये असें ठरविलें. विजेच्या तारा ओढण्याचें काम परवानाधारक कंत्राटदारावांचून कोणीं करूं नये, हा दंडक १९५६ च्या विद्युत् नियमांत होता आणि पुढच्या नियमांतही तो राहिला आहे. २०२० सालीं राज्यांतील बहुतेक शहरांना लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलींत अभियंता, संरचना-अभियंता व पर्यवेक्षक यांची पात्रता आणि कर्तव्यें तपशीलवार दिलीं आहेत. ह्या लांबलचक नामावळींत एकच माणूस नाहीं. जो पाया खणवितो, सळया बांधवितो, खडी-वाळू-सिमेंटाचें प्रमाण ठरवितो आणि आमच्या डोक्यावरचा स्लॅब ओततो, तो ! बटण बसविणाराला परीक्षा आहे. ज्या भिंतींत तें बटण बसावयाचें ती भिंत रचणाराला नाहीं. ही विसंगति कोणा एका अधिकाऱ्याच्या गाफीलपणानें घडलेली नसून, सत्तरांहून अधिक वर्षें आपण सर्वांनीं ती निमूटपणें चालूं दिली आहे.

परिचयांतलेंच एक उदाहरण देतों. आमच्या ओळखीच्या एका सेवानिवृत्त शिक्षकांनीं भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हातीं आल्यावर उपनगरांत घर बांधावयास घेतलें. काम मालासकट चौरस फुटाच्या दरानें ठरलें. करार म्हणजे हिशेबाच्या वहीचें एक पान. त्यावर दर, उचलीचे हप्ते आणि दोघांच्या सह्या. कोणतें सिमेंट, किती जाडीची सळई, काम बिघडल्यास जबाबदारी कोणाची, यांविषयीं त्या पानावर एक अक्षर नव्हतें. स्लॅबच्या दिवशीं व्हायब्रेटर आलाच नाहीं. लोखंडी गजानें टोचून काम भागविलें. काँक्रीट लवकर पसरावें म्हणून मिक्सरमध्यें पाण्याच्या बादल्या हात सैल सोडून ओतल्या. आमचे गुरुजी खालीं उभे राहून हें सर्व पहात होते. परंतु पाणी वाढलें कीं काँक्रीटचें बळ घटतें हें त्यांना कोण सांगणार? पांचव्या दिवशीं सेंट्रिंगचे टेकू काढून नेले, कारण ते दुसऱ्या कामावर हवे होते. पाणी मारणारा मजूर दोन दिवस आला, तिसऱ्या दिवसापासून आला नाहीं.

भारतीय मानक ४५६ हें काँक्रीटकामाचें प्रमाणपुस्तक. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू सात दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याखालचे चौदा दिवस काढूं नयेत, असें तें सांगतें. तुळयांना त्याहून अधिक मुदत आहे. काँक्रीट साध्या सिमेंटाचें असेल तर किमान सात दिवस, मिश्र सिमेंटाचें असेल तर किमान दहा दिवस ओलें ठेवावें, हेंही त्यांत स्पष्ट आहे. ह्यांत गूढ असें कांहीं नाहीं. कोणाही होतकरू गवंड्याला हें एका दुपारीं शिकवितां येईल. पण शिकला आहे कीं नाहीं हें विचारणारा कोणी नसला, म्हणजे न शिकणेंच स्वस्त पडतें.

पहिल्याच पावसाळ्यांत स्वयंपाकघराचें छत पाझरूं लागलें, दुसऱ्यांत खालचा गिलावा सुटून गंजलेल्या सळया डोकावूं लागल्या. ठेकेदाराचें उत्तर ठरलेलें होतें : "मालक, नवं काम हाय, थोडं झिरपतंयच. एक-दोन पावसाळ्यांत आपोआप बसतंय बघा." पुढें त्याचा फोनच लागेना. ज्या अभियंत्याच्या सहीनें नकाशा मंजूर झाला होता तो म्हणाला, माझें काम नकाशापुरतें. महापालिकेच्या कचेरींत सांगण्यांत आलें कीं, ठेकेदाराशीं आमचा कांहीं संबंध नाहीं. पोलिसांनीं दिवाणी बाब म्हणून अर्ज परत दिला. आणि त्याच सुमारास दोन गल्ल्या पलीकडे, नव्या नांवाच्या पाटीखालीं, तोच ठेकेदार दुसऱ्या एका गृहस्थाचा स्लॅब ओतीत होता.

आतां सरकार स्वतःचें काम करवून घेतें तेव्हां कसें वागतें तें पहा. सार्वजनिक बांधकाम खात्याकडे ठेकेदारांचे वर्ग आहेत. कोणत्या वर्गानें किती रकमेपर्यंतचें काम घ्यावें याच्या मर्यादा आहेत. ऐपतीचा दाखला लागतो, पूर्वीं केलेल्या कामाचा अनुभव लागतो. निविदेबरोबर बयाणा, काम मिळाल्यावर अनामत, प्रत्येक बिलांतून कपात, आणि काम पुरें झाल्यावरही दोषदायित्वाची मुदत संपेपर्यंत ठेव अडकवून ठेवलेली. ठेकेदार नादार निघाला तर त्याचें नांव काळ्या यादींत. म्हणजे ठेकेदारावर आंधळा विश्वास टाकूं नये हें सरकारला पूर्णपणें ठाऊक आहे ! आपल्या तिजोरीला त्यानें सात कुलपें लावलीं. नागरिकाच्या पेटीला मात्र साधी कडीही नको, असा हा न्याय आहे.

ह्यावर कोणी म्हणेल कीं सरकारी रस्त्यांची दशा पहा. एवढ्या कुलपांचा उपयोग काय झाला? आक्षेप खरा आहे, आणि तो टाळून जाण्याची आमची इच्छा नाहीं. नोंदणी एकाच्या नांवावर, काम दुसऱ्याचें, आणि रस्त्यावर प्रत्यक्ष तिसराच, हा प्रकार शहरांतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. परंतु त्याचें कारण परवाना हें नव्हे. सरकारी कामांत ज्याचें नुकसान होतें तो रस्त्यानें चालणारा, आणि बिल मंजूर करणारा निराळाच. खड्ड्यांत पाय जातो एकाचा आणि लेखणी असते दुसऱ्याच्या हातांत. घराच्या बाबतींत नुकसान सोसणारा आणि पैसे देणारा माणूस एकच आहे. त्याच्या हातीं माहिती आणि थोडीशी रोखून धरण्याची सत्ता दिली, तर तिचा उपयोग तो मनापासून करील, कारण गळती त्याच्याच अंथरुणावर होणार आहे.

दुसरा आक्षेप अधिक लोकप्रिय आहे : कायदे काय थोडे आहेत ? ग्राहक आयोग आहे, स्थावर संपदेचा २०१६ चा कायदा आहे. आहेत, हें मान्य. घरबांधणी ही 'सेवा' आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९९३ सालींच दिला आणि ती व्याख्या २०१९ च्या ग्राहक कायद्यांतही आहे. पण आयोगापुढें जाणाऱ्याला करार दाखवावा लागतो, आणि येथें तर वहीचें पान ! २०१६ चा कायदा तर सदनिका विकणाऱ्या विकसकासाठीं. विकलेल्या घरांतील दोष ताबा दिल्यापासून पांच वर्षांच्या आंत दाखवून दिल्यास विकसकानें तो फुकट दुरुस्त करावा, ही त्यांतली तरतूद उत्तम आहे. पण स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधविणाराला तिचा आधार नाहीं. म्हणजे जो बांधलेलें घर विकत घेतो त्याला पांच वर्षांचें संरक्षण, आणि जो विटेवर वीट आपल्या पैशांनीं चढवितो तो उघड्यावर. शिवाय हे सारे उपाय छप्पर गळल्यानंतरचे. २४ ऑगस्ट २०२० रोजीं महाडला पांच मजली इमारत कोसळून १६ माणसें गेलीं. ती इमारत पुरती दहा वर्षांचीही नव्हती. ४ एप्रिल २०१३ रोजीं मुंब्र्याजवळ बांधकाम चालू असलेली इमारत पडून ७४ माणसें मेलीं. अशा अपघातानंतर गुन्हा नोंदवितांना ठेकेदाराचा शोध सुरू होतो. अपघातापूर्वीं मात्र त्याची दखल घेण्याचें कोणालाच कारण नसतें.

तिसरा आक्षेप आमच्या मतें सर्वांत वजनदार आहे. परवाना आला कीं पदवी येणार, अर्ज येणार, हात ओले करणें येणार. आणि जो वडार किंवा गवंडी तीन पिढ्या दगड घडवितो आहे पण ज्याला अर्ज भरतां येत नाहीं, तो बाहेर फेंकला जाणार. ही भीति ज्यांना खोटी वाटते त्यांनीं परवान्याच्या कोणत्याही खिडकीसमोर एक सकाळ घालवावी. म्हणूनच आमचें म्हणणें असें कीं ही परीक्षा कागदावर होऊं नये, कामावर व्हावी. चार कॉलमांच्या सळया बांधून दाखव, एक घमेलें काँक्रीट योग्य पाण्यानें कालवून दाखव, टेकू केव्हां काढशील तें तोंडानें सांग. ज्याला हें येतें त्याची नोंद व्हावी, मग त्याला सही करतां येवो वा अंगठा उठवावा लागो. तूर्त ह्या मोकळिकीचा फायदा त्या गवंड्याला मुळींच होत नाहीं. तो होतो, थैली घेऊन फिरणाऱ्या आणि त्याच गवंड्याला अर्ध्या मजुरींत राबविणाऱ्या मधल्या माणसाला.

आणि जे ठेकेदार खरोखर चांगले आहेत (असे आमच्या शहरांत पुष्कळ आहेत, आणि आमचें स्वतःचें घर अशाच एकानें बांधलें) त्यांची अवस्था काय ? जो सळई पूर्ण वजनाची घालतो, रिंगा नेमक्या अंतरावर बांधतो, दहा दिवस पाण्याला माणूस ठेवतो, त्याचा दर चौरस फुटाला अर्थातच चढा असतो. घरमालक तीन दर मागवितो आणि सर्वांत खालचा उचलतो. तो तरी काय करील ? दोघांच्या कामांतला फरक गिलाव्याखालीं झांकला जातो, दरांतला फरक मात्र उघडा दिसतो. अशा बाजारांत कुशल माणूस एक तर काम सोडतो, नाहीं तर हळूहळू दुसऱ्यासारखाच होतो. घरमालकाचा लोभ ह्यांत नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. 'स्वस्तांत करून देतो' ह्या आठ अक्षरी मोहानें शिकलेसवरलेले लोकही फसतांना आम्हीं पाहिले आहेत. पण अज्ञानाची शिक्षा आयुष्याची पुंजी एवढी मोठी असूं नये.

जुन्या पेठांतून हा प्रश्न नव्हता, कारण तेथें गवंड्याचें नांव हाच परवाना होता. त्याचें घर त्याच गल्लींत, त्याचा मुलगा आमच्या मुलांबरोबर शाळेंत. भिंत फुगली तर देवळाच्या पायरीवर त्याला तोंड दाखवितां येत नसे. २०११ च्या खानेसुमारींत कोल्हापूर शहराची वस्ती ५,४९,२३६ भरली. एवढ्या वस्तींत नांवाची लाज पुरी पडत नाहीं. नवी पाटी रंगविली कीं जुनें नांव पुसलें जातें. गल्लीची स्मरणशक्ति जेथें संपते, तेथून पुढें दफ्तराची सुरू व्हावयास हवी.

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यानें ह्या कामासाठीं १९२९ सालापासून स्वतंत्र व्यवस्था ठेवली आहे. चार वर्षांचा अनुभव दाखविल्याखेरीज परवाना नाहीं, जामीनरोखा दिल्याखेरीज काम नाहीं. घरदुरुस्तीच्या करारांत उचल घ्यावयाची ती एकंदर रकमेच्या दहा टक्के किंवा एक हजार डॉलर यांपैकीं जी कमी असेल तेवढीच. आणि ज्याच्याजवळ परवाना नाहीं त्याला आपल्या मजुरीसाठीं न्यायालयांत दावाही लावतां येत नाहीं. तिकडचें सर्वच इकडे उचलावें असें नव्हे. पण उचलीवरचा निर्बंध आणि नोंदणीवांचून दावा नाहीं हा नियम, ह्या दोन गोष्टींना ना मोठें खातें लागतें ना मोठा खर्च.

नवा कायदा व्हावयास वर्षें जातील हें आम्ही जाणतों. परंतु एक गोष्ट महापालिकेला सध्यांही सुरू करतां येण्याजोगी आहे. काम सुरू करण्याची सूचना घरमालक देतो, त्या कागदावर ठेकेदाराचें नांव, पत्ता, सही आणि त्यानें पूर्वीं बांधलेल्या तीन घरांचे पत्ते मागवावे. तेंच नांव कामाच्या जागेवरील फलकावर लावावें. जोत्याच्या तपासणीच्या वेळीं आणि भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळीं तें पुन्हां नोंदवावें. मध्यें ठेकेदार बदलला असल्यास कां बदलला तें एका ओळींत लिहावें. आणि ही वही कोणाही नागरिकाला फी न घेतां पहावयास मिळावी. आमच्या गुरुजींच्या दोन गल्ल्या पलीकडच्या त्या गृहस्थानें स्लॅब ओतण्यापूर्वीं ती वही उघडली असती, तर त्याला निदान गुरुजींच्या घराचा पत्ता तरी मिळाला असता.