पाली आपली, पुस्तक लंडनचे?



गेल्या रविवारी वाळूजच्या एका विहारात वंदना झाल्यावर बारावीतल्या मुलीने विचारले, "काका, पाली आपल्या देशातली, मग तिच्या पुस्तकावर लंडनचे नाव कसे?" प्रश्न लहान, पण मोलाचा.

ज्याच्या हाती ग्रंथ, छापखाना आणि पैसा, त्याच्या हाती अभ्यास. सिलोन इंग्रजांच्या ताब्यात होते. तेथे नोकरी केलेल्या ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये लंडनला पाली टेक्स्ट सोसायटी काढली. तेव्हाचा प्रश्न होता : बुद्धांचे मूळ वचन कोणते? पुढे लेनिनग्राडच्या श्चेरबात्स्कींनी बौद्ध तर्कशास्त्र पुढे आणले. जपानने १९२४ ते १९३४ या काळात चिनी त्रिपिटकाचे १०० खंड छापले. देश बदलला, तसा विषयही बदलला. गोव्याचे धर्मानंद कोसंबी पाली शिकायला सिलोनला गेले आणि १९१० मध्ये 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनासाठी अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठात पोहोचले.

मग १४ ऑक्टोबर १९५६ उजाडला. बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली आणि प्रश्नच पालटला. पोथीत काय आहे एवढेच नव्हे, तर धम्माने माणसाचे जिणे कसे बदलले, हेही अभ्यासक विचारू लागले. एलिनॉर झेलियट यांनी १९६९ मध्ये अमेरिकेत बाबासाहेब व महार चळवळीवर प्रबंध लिहिला. गेल ऑम्वेट तर तिकडून येऊन कासेगावच्याच झाल्या. १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचे लेखन व भाषणे खंडरूपाने काढली. वसंत मून यांनी संपादनाची धुरा वाहिली. साधने आपल्या दारी आली.

म्हणजे आपले आईबाप अभ्यासाचा विषय झाले. पण अभ्यासक कोण होणार? बाबासाहेबांनी १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय काढले ते कशासाठी? वाळूजहून ते दूर नाही. विद्यापीठात पालीचा विभागही आहे.

त्या मुलीचे वडील कंपनीत पाळीवर जातात. ते म्हणाले, "पालीने पोट भरेल का?" काळजी खरी आहे. पोटाचे शिक्षण घ्यावेच. पण सुट्टीच्या दिवशी एक काम प्रत्येक घरी होऊ शकते. आजीला विचारा, दीक्षेची, नामांतराच्या लढ्याची तिची आठवण गाव आणि सालासह वहीत उतरवा. उद्याचा संशोधक ती वही शोधत येईल. तो परदेशातून येईल की वाळूजच्या गल्लीतूनच निघेल, हे आज आपल्या घरात ठरायचे आहे.