पीठ आणि विष एकाच गाडीत नको

१९५८ साली केरळमध्ये गव्हाच्या पिठातून विषबाधा होऊन शंभरावर माणसं दगावली. पीठ आणि पॅराथिऑन हे कीटकनाशक एकाच जहाजातून आलं होतं. डबे गळले आणि विष पोत्यांत उतरलं. पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला, १९७१ चे नियम आले.

त्यातला नियम ३५ सांगतो की कीटकनाशकाचा अन्नाशी थेट संपर्क येईल अशी वाहतूक करू नये. माझा आक्षेप 'थेट संपर्क' या शब्दांना आहे. गाडी भरताना खोकी आणि पोती वेगळीच असतात. संपर्क येतो तो नंतर, खड्ड्यात गाडी आदळली, बाटली फुटली की. अमेरिकेत विषाचं लेबल असलेला माल आणि खाण्याचा माल एका ट्रकमध्ये भरायला मुळातच बंदी आहे. ठरावीक पॅकिंग असेल तरच सूट मिळते. आपल्याकडेही नियम हवा तो गाडी वेगळी ठेवण्याचा.

पण पार्ट लोडच्या गाडीत काय काय आहे, हे कळणार कसं? मी सॉफ्टवेअरचं काम करतो, म्हणून मला ई-वे बिल दिसतं. त्यात मालाचा एचएसएन कोड असतो आणि गाडीचा नंबरही. कीटकनाशकांचा कोड ३८०८, बिस्किटांचा १९०५. एकाच गाडीवर, एकाच फेरीत हे दोन्ही आले तर सिस्टिमने बिल अडवावं. माहिती सरकारकडे आधीच आहे, फक्त ती ताडून पाहायची आहे. सुटं धान्य आणि कमी किमतीच्या खेपा यातून सुटतील, हे खरं. पण बराचसा माल तरी नजरेखाली येईल.

काही जण म्हणतील, ड्रायव्हरनेच बघावं. पण माल कोणता चढवायचा हे बुकिंग ऑफिस ठरवतं. ड्रायव्हरच्या हातात ताडपत्री बांधलेली गाडी येते. जबाबदारी बुकिंग घेणाऱ्यावर टाका.

तोवर आपण एवढं तरी करू. आपल्यातल्या कित्येकांच्या घरी टेम्पो आहे, किराणा दुकान आहे किंवा कुणीतरी हमाली करतं. कीटकनाशकाच्या लेबलवर तिरका चौकोन असतो. त्याचा खालचा भाग लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. वाचता न येणाऱ्यालाही रंग कळतो. घरी हे समजावून सांगा. आणि दुकानात उतरलेल्या पोत्याला औषधाचा वास आला, तर ते उन्हात वाळवून विकू नका. असा माल तपासणीशिवाय ग्राहकाला देता येत नाही, हेही त्याच नियम ३५ मध्ये लिहिलं आहे.