माफीनाम्याआधी वकील हवा

निवासी डॉक्टरवर कारवाई सुरू झाली की त्याच्याविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा बहुतेक वेळा त्यानं स्वतःच लिहून दिलेला असतो. विभागातून मेमो येतो. ‘आजच्या आज खुलासा द्या’ असं सांगितलं जातं. कुणीतरी सीनियर ‘सॉरी लिहून टाक, विषय संपेल’ म्हणतो आणि रात्रभर जागलेला मुलगा किंवा मुलगी कोऱ्या कागदावर माफीनामा लिहून देते. पुढची सगळी चौकशी मग त्याच कागदावर उभी राहते.

मी पुण्यात सदाशिव पेठेत वकिली करते. नोकरी आणि शिक्षण या दोन विषयांतली प्रकरणं माझ्याकडे जास्त येतात. पेरूगेटजवळच्या माझ्या ऑफिसात निवासी डॉक्टर येतात ते रात्री उशिरा, ड्यूटी संपवून, बरेचदा आईवडिलांना काही न सांगता. आणि जवळजवळ सगळे उशिरा येतात. उत्तर लिहून झालेलं असतं, सही झालेली असते.

मागे दुसऱ्या वर्षाची एक निवासी आली होती. रक्त चढवण्याआधी पिशवीची नोंद चुकली होती. सिस्टरच्या वेळीच लक्षात आलं, रुग्णाला काही इजा झाली नाही. मेमोला तिनं तीन ओळींचं उत्तर दिलं: माझ्या निष्काळजीपणामुळे हे घडलं, पुन्हा होणार नाही. आदल्या दिवशीच्या सकाळपासून ती सलग ड्यूटीवर होती. त्या रात्री वॉर्डात दुसरा निवासी नव्हता. वरिष्ठांना तिनं फोन केले होते. यातलं अक्षरही त्या उत्तरात नव्हतं. रोस्टर आणि कॉल रजिस्टरची प्रत तेव्हा मागितली असती तर मिळाली असती. ती माझ्याकडे पोहोचली तोवर टर्म मंजूर करू नये अशी शिफारस झाली होती आणि रोस्टर सापडत नसल्याचं तिला सांगण्यात आलं होतं.

ते रोस्टर हा तिचा मुख्य बचाव होता. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत आठवड्याला साधारण ४८ तास आणि एका वेळी १२ तासांपेक्षा जास्त काम नको, असं लिहिलेलं आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षण नियमांत तासांचा आकडा नाही, पण वाजवी कामाचे तास, रोज पुरेशी विश्रांती आणि साप्ताहिक सुट्टी यांचा उल्लेख आहे. चूक घडली हे मान्य करतानाही ती कोणत्या परिस्थितीत घडली, हे सांगणं तिचा हक्क होता. तो वापरायचा असतो, हे तिला कुणी सांगितलंच नाही.

निवासी डॉक्टरची कायदेशीर अवस्था मुळातच अवघड आहे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या लेखी तो विद्यार्थी, रुग्णालयाच्या लेखी विद्यावेतनावर राबणारा डॉक्टर, महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या लेखी नोंदणीकृत व्यावसायिक. त्यामुळे एका रात्रीच्या घटनेवरून विभागीय चौकशी, टर्म अडकणं, परिषदेकडे तक्रार आणि पोलीस ठाणं असे चार दरवाजे एकाच वेळी उघडू शकतात. सरकारी कर्मचाऱ्याला १९७९ च्या महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियमांनी लेखी दोषारोप, कागदपत्रांची पाहणी, साक्षीदारांची उलटतपासणी आणि सोबत एक सहायक एवढं तरी दिलं आहे. निवासी डॉक्टरनं हे मागितलं की त्याला ‘तू विद्यार्थी आहेस’ असं ऐकवलं जातं. तोच संपावर गेला की अत्यावश्यक सेवेची आठवण करून दिली जाते.

मार्च २०१७ मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला बेदम मारहाण झाली आणि राज्यभरातले निवासी सामूहिक रजेवर गेले. निलंबनाच्या आणि विद्यावेतन कापण्याच्या नोटिसा निघाल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. तेव्हा ‘मार्ड’ ही त्यांची संघटना सगळ्यांच्या वतीनं बोलली. एकट्या निवासीवर चौकशी बसते तेव्हा मात्र चित्र वेगळं असतं. मार्डचे पदाधिकारीही निवासीच असतात. त्यांचे प्रबंध, त्यांच्या परीक्षा त्याच विभागप्रमुखांच्या हातात असतात. त्यांनी एका सहकाऱ्यासाठी किती ताणून धरावं, याला मर्यादा पडते. म्हणून बाहेरचा, स्वतंत्र सल्लागार लागतो.

हा सल्ला फक्त आरोप झालेल्यालाच हवा असं मी म्हणत नाही. डॉ. पायल तडवी मूळच्या जळगावच्या, आदिवासी तडवी समाजातल्या, मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. २२ मे २०१९ रोजी त्यांनी जीवन संपवलं. सीनियर जातीवरून छळतात, हे घरच्यांनी आधीच कानावर घातलं होतं, असं कुटुंबाचं म्हणणं आहे. तारखा, मेसेज, साक्षीदार यांसह नीट लिहिलेली तक्रार वेळेत योग्य टेबलावर पोहोचवायला त्या घरासोबत कुणी जाणकार माणूस असता तर? हा प्रश्न मला आजही सोडत नाही.

त्याच प्रकरणातली दुसरी बाजूही समजून घेतली पाहिजे. ज्या तीन सीनियर डॉक्टरांवर आरोप झाले, त्यांना अटक झाली, निलंबन झालं, पुढे जामीन मिळाला. नायरमध्ये पाऊल ठेवायला मनाई होती आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याला दुसऱ्या महाविद्यालयात बदली देण्याची नियमांत सोय नव्हती. अखेर ८ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं अटी घालून त्यांना तिथेच परतून शिक्षण पूर्ण करायची मुभा दिली. खटला चालू असताना अभ्यासक्रमाचं काय करायचं, या एका प्रश्नाचं उत्तर मिळायला जवळपास दीड वर्ष गेलं आणि त्यासाठी दिल्ली गाठावी लागली. प्रत्येक निवासीला हे परवडणारं नाही.

महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा कडक आहे आणि तो कडकच असावा. तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखानं चौकशी करायची, सकृद्दर्शनी तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. प्रमुखानं टाळाटाळ केली तर तोही अडचणीत येतो. म्हणजे त्या सात दिवसांत निवासी जे लिहून देईल, ते थेट फौजदारी प्रकरणाच्या कागदांत जाऊ शकतं. इतकं पणाला लागलेलं असताना त्या आठवड्यात त्याला वकिलाशी बोलण्याचीही चोरी असावी, हे न्यायाचं नाही.

‘चौकशीत वकील आणता येत नाही’ हे वाक्य मी बरेचदा ऐकते. ते अर्धंच खरं आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या एका कर्मचाऱ्याच्या चौकशीत ट्रस्टनं आपली बाजू मांडायला कायदा अधिकारी बसवले आणि कर्मचाऱ्याला मात्र वकील नाकारला. नाडकर्णी या नावानं ओळखल्या जाणाऱ्या त्या निकालात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की एका बाजूला कायद्याचा जाणकार आणि दुसऱ्या बाजूला एकटा माणूस, ही चौकशी नैसर्गिक न्यायाला धरून नाही. आणि समितीसमोर वकील चालत नसला, तरी समितीपुढे जाण्याआधी त्याचा सल्ला घ्यायला कुठलाच नियम आड येत नाही.

पैशांचा प्रश्न उरतो, पण त्यालाही वाट आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि अपंग व्यक्ती उत्पन्न न पाहता मोफत विधी साहाय्याला पात्र आहेत, आणि या साहाय्यात कायदेशीर सल्लाही येतो. शिवाजीनगर न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलींपैकी फारच थोड्यांना ही तरतूद ठाऊक असते.

काही अनुभवी प्राध्यापक म्हणतात की वकील आले की रुग्णालयाचं कोर्ट होईल, शिस्त मोडेल, रॅगिंग करणारे सुटतील. त्यांची काळजी मी समजू शकते, पण न्यायालयातला अनुभव उलट आहे. घाईनं, कागद न देता, बाजू न ऐकता दिलेली शिक्षा रिट याचिकेत टिकत नाही. आणि ती रद्द झाली की सर्वांत मोठा अन्याय तक्रार करणाऱ्या ज्युनियरवर होतो, कारण दोषी माणूस निर्दोष असल्यासारखा वॉर्डात परततो. नीट चाललेली चौकशी दोषीला शिक्षा देते आणि ती शिक्षा टिकते. रुग्णाचं हितही यातच आहे. आपली चूक सांगितली तर आपलं म्हणणं ऐकून घेतलं जाईल, हा विश्वास असलेला निवासीच चूक लपवत नाही.

म्हणून वैद्यकीय शिक्षण विभागानं आणि विद्यापीठानं चार गोष्टी लेखी कराव्यात. आरोप लेखी द्यावा आणि त्यासोबत रोस्टर, केसपेपर, रजिस्टर यांच्या प्रती द्याव्यात. सविस्तर खुलाशाला किमान तीन दिवस द्यावेत आणि तोवर घेतलेला माफीनामा पुरावा मानू नये. तक्रारदार आणि आरोपित दोघांनाही चौकशीत आपल्या पसंतीचा एक सल्लागार सोबत आणू द्यावा. निलंबन केलं तर त्याचा ठरावीक मुदतीत लेखी फेरविचार व्हावा.

पुण्यानं परिपत्रकाची वाट पाहायचीही गरज नाही. टिळक रस्त्यावर आयएमए या डॉक्टरांच्या संघटनेची वास्तू आहे, विधी महाविद्यालय रस्त्यावर १९२४ पासूनचं आयएलएस हे कायद्याचं महाविद्यालय आहे, शिवाजीनगरला प्राधिकरण आहे. या तिघांनी मिळून निवासी डॉक्टरांसाठी वकिलांची एक यादी आणि रात्रीही उचलला जाणारा एक फोन एवढं केलं तरी पुष्कळ होईल. त्या यादीत माझं नाव पहिलं घाला. नवी तुकडी रुजू होईल त्या दिवशी प्रत्येक निवासीच्या हातात ॲप्रनबरोबर हा क्रमांकही पडला पाहिजे.