आधी सेव्ह, मग सेल

जुन्या गेम बॉयच्या कार्ट्रिजमध्ये जपण्यासारख्या दोन गोष्टी असतात आणि आपल्या व्यवसायात त्यांतल्या एकीचीच काळजी घेतली जाते. पहिली म्हणजे मास्क रॉममध्ये कारखान्यातच कायमचा बसवलेला गेम. तो सहसा बिघडत नाही, आणि बिघडला तरी तोच गेम लाखो कार्ट्रिजांत आहे. दुसरी म्हणजे खेळणाऱ्याचा सेव्ह. ‘पोकेमॉन रेड’मध्ये तो जेमतेम ३२ किलोबाइटच्या एसरॅममध्ये राहतो आणि कन्सोल बंद असताना त्या चिपला ३ व्होल्टचा एक बटण सेल तगवून धरतो. सेल उतरला की सेव्ह पुसला जातो, आणि बहुतेक वेळा त्याची दुसरी प्रत कुठेही नसते. तरीही कार्ट्रिज उघडायचे, जुना सेल उपटायचा, नवा लावायचा आणि ‘बघा, सेव्ह होतंय’ म्हणून पैसे घ्यायचे, ही रीत सर्रास दिसते. त्या कार्ट्रिजमध्ये जे एकमेव होते ते याच कामात नष्ट होते. सेव्ह वाचून घेतल्याखेरीज सेलला हात लावू नये, हा नियम प्रत्येक दुरुस्ती करणाऱ्याने स्वतःला घालून घ्यावा, असे आमचे मत आहे.

यात घाई कुठे करायची हे कार्ट्रिजच्या वयावरून ठरवता येत नाही, आणि इथेच अनुभवी हातही फसतात. १९९६ सालच्या ‘रेड’ आणि ‘ग्रीन’मधले सेव्ह अजून शाबूत सापडतात, १९९९ सालच्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मधले मात्र बरेचदा गेलेले असतात. कारण नंतरच्या जोडीत घड्याळ आहे. तेही त्याच सेलवर चालते आणि सतत वीज खाते. पुढे गेम बॉय ॲडव्हान्सवरच्या ‘रुबी’ आणि ‘सॅफायर’मध्ये सेव्ह फ्लॅश चिपवर गेला, तिथे आतली बॅटरी संपल्याचा संदेश आला तरी थांबते ते फक्त घड्याळ. म्हणजे ‘गोल्ड’ आधी टेबलावर घ्यायचे, ‘रुबी’ निवांत. सीलबंद डब्यातल्या कार्ट्रिजची तर मुळीच घाई नाही, कारण त्यात कुणाचा सेव्हच नाही. बाजारात सगळ्यात महाग तेच असते, हा भाग वेगळा.

कुणी म्हणेल, एका पोराचा अर्धवट खेळलेला डाव जपून कुणाचे भले होणार? गिऱ्हाइकालाही बहुधा गेम चालण्याशीच मतलब असतो. पण काय मोलाचे ठरेल हे आज आपण ठरवू शकत नाही. १९९६ साली जपानच्या ‘कोरोकोरो’ मासिकाने म्यू हा पोकेमॉन निवडक २० वाचकांना दिला होता. तो खेळाडूच्या सेव्हमध्ये जाऊन बसला. कंपनीने वाटलेली अशी प्रत शोधायची तर कुणाच्या तरी एसरॅममध्येच शोधावी लागते, कारखान्यातून आलेले कोरे कार्ट्रिज तिथे निरुपयोगी. दुसरा आक्षेप कायद्याचा. सेव्ह वाचणे म्हणजे गेमची प्रत काढणे नव्हे. शिवाय भारतीय कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ संगणकीय प्रोग्रामच्या कायदेशीर धारकाला नुकसानीपासून बचावापुरती बॅकअप प्रत काढू देते. तिसरा आक्षेप वेळेचा, आणि तो सगळ्यात लंगडा आहे. जीबीएक्सकार्टसारख्या रीडरवर ३२ किलोबाइट वाचायला सोल्डर तापण्याइतकाही वेळ लागत नाही. दोनदा वाचावे, दोन्ही फाइली जुळतात का पाहावे, मगच स्क्रू काढावा. वाचण्याआधी फक्त संपर्कपट्ट्या आयपीएने पुसाव्यात. नवा सेल टॅब लावलेलाच घ्यावा. सेलच्या अंगावर थेट सोल्डर केले तर तो फुटू शकतो.

कन्सोलच्या बाबतीत मात्र मूळ सुटे भाग जसेच्या तसे राहू द्या, हा संग्राहकांचा आग्रह आम्हाला मान्य नाही. १९९० सालच्या सेगा गेम गिअरमधले कपॅसिटर गळतात. आवाज बसतो, पडदा फिकटतो आणि सांडलेला द्रव बोर्डावरच्या रेघा खात राहतो. ते कपॅसिटर ‘मूळचे’ म्हणून ठेवणे म्हणजे बोर्ड घालवणे. कपाटात ठेवलेल्या कन्सोलमध्ये अल्कलाइन सेल विसरण्याचा प्रकारही तसाच, आणि आपल्याकडच्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत गंज वेगाने पसरतो. काढलेला भाग पिशवीत घालून, तारीख लिहून मालकाला परत द्यावा. नवा आयपीएस पडदा बसवताना जुना कचऱ्यात टाकणाऱ्यांना हे खास सांगावे लागते.

अलीकडच्या यंत्रांत गुंता वाढला आहे. निन्टेंडो थ्रीडीएसच्या एसडी कार्डावरचे डाउनलोड केलेले गेम आणि त्यांचे सेव्ह त्या एकाच यंत्राच्या किल्लीने कुलूपबंद असतात, आणि ती किल्ली बोर्डावरच्या नँडमध्ये असते. मोबाइल दुरुस्तीची सवय असलेला कारागीर सरळ बोर्ड बदलतो. यंत्र सुरू होते, पण कार्ड त्याला परके असते. २७ मार्च २०२३ रोजी ई-शॉपवरची विक्री बंद झाल्यामुळे गमावलेला गेम पुन्हा विकत घेण्याची वाटही उरलेली नाही. त्यामुळे थ्रीडीएसचा बोर्ड बदलण्याचा निर्णय, नँड वाचून होईपर्यंत, जॉब कार्डावर लिहूच नये.