साडीच्या निऱ्यांखालचे पाऊल

स्त्रीच्या पावलांचा उल्लेख आपल्याकडे होतो तो बहुधा पैंजण, जोडवी आणि मेंदी यांच्या निमित्ताने. ते पाऊल दुखते, सुजते, त्याला भेगा आणि कुरुपे होतात, हे मात्र चारचौघांत बोलण्यासारखे मानले जात नाही. 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हणही बाईला तिची पायरी दाखविण्यासाठीच अधिक वापरली गेली आहे. वैद्यकीय व्यवसायात इतकी वर्षे काढल्यावर मला त्या म्हणीचा सरळ, शब्दशः अर्थ घ्यावासा वाटतो. वहाण पायात असावी, आणि ती त्याच पायाच्या मापाची असावी. या दोन्ही बाबतींत आपल्या समाजातील स्त्रियांची उपेक्षा होत आहे, आणि तिला आपण डॉक्टरही काही अंशी जबाबदार आहोत, असे माझे मत आहे.

सुरतेतील मराठी वस्तीचा, विशेषतः उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा भागांत स्थिरावलेल्या खानदेशी कुटुंबांचा विचार करू. घरातील पुरुष लूम किंवा मिलमध्ये, आणि स्त्री घरबसल्या साड्यांना लेस लावण्याचे, टिकल्या चिकटविण्याचे किंवा धागे कापण्याचे काम करते. हे काम फरशीवर मांडी घालून तासन्‌तास चालते. मांडी घातली की घोट्याचे बाहेरचे हाड आणि करंगळीच्या बुडाशी असलेला सांधा जमिनीवर दाबला जातो, तेथे घट्टा पडतो. पूर्वी युरोपातील शिंपी असेच मांडी घालून बसत, म्हणून करंगळीपाशी येणाऱ्या या गाठीला इंग्रजीत शिंप्याच्या नावानेच ओळखतात. आपल्या सुरतेत ती साडीवालीची गाठ म्हणायला हरकत नाही. बैठक मोडून ती उठते ती थेट ओट्यापाशी, कडक टाइल्सवर, अनवाणी. मग सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताना टाचेत कळ येते. दहा-वीस पावले चालल्यावर ती कमी होते, म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. तळव्याला कमानीसारखे ताणून धरणाऱ्या पट्ट्याचा हा विकार आहे. त्यात नवरात्रीच्या नऊ रात्रींचा गरबा आला की कोजागिरीनंतर टाचदुखीचे रुग्ण वाढलेले दिसतात, हा येथील बहुतेक डॉक्टरांचा अनुभव असेल.

अशा बाईला पादत्राणांविषयी विचारले तर ती अभिमानाने सांगते, "मी उंच टाचेचं कधीच घालत नाही, साधी स्लिपरच वापरते." येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. उंच टाचेमुळे शरीराचा भार चवड्यावर येतो, निमुळत्या टोकामुळे अंगठा आत वळतो व त्याच्या मुळाशी हाड पुढे आल्यासारखे दिसते, हे खरे. ही विकृती स्त्रियांमध्ये अधिक आढळते. तिला आनुवंशिकताही कारण असते, परंतु बूट-चपला तिला खतपाणी घालतात. मात्र झिजून पापडासारखी झालेली सपाट स्लिपरही निर्दोष नाही. तिला ना टाचेखाली गादी, ना मागे पट्टा. ती पायातून सुटू नये म्हणून प्रत्येक पावलाला बोटे आवळावी लागतात. टाच किंचित, साधारण इंचभर उंच, तळ जाड पण लवचिक, बोटांपाशी ऐसपैस जागा आणि मागे पट्टा, अशी चप्पल बहुतेक स्त्रियांना मानवते. खरेदी सायंकाळी करावी, कारण दिवसअखेर पाय थोडे सुजलेले असतात. दोन्ही पायांत घालून, उभे राहून पाहावे. दोन पावले क्वचितच सारखी असतात. बाळंतपणानंतर पायाचे माप वाढू शकते, हेही पुष्कळ जणींना ठाऊक नसते. चौटा बाजारात घासाघीस करून घेतलेली चप्पल वाईटच असते असे नाही, पण 'घालून घालून सैल होईल' हे दुकानदाराचे वाक्य ऐकले की ती खाली ठेवावी.

मापाचा प्रश्न तर आपल्या देशाचाच आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातील ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांची पावले मोजली. २०२४ मध्ये त्याचे निष्कर्ष पुढे आले. भारतीय पाऊल युरोपीय वा अमेरिकी पावलापेक्षा रुंद असते, आणि आपण मात्र आजवर त्यांच्याच मापांचे जोडे घालत आलो. या पाहणीवरून 'भा' या नावाने भारतीय मापांची पद्धत सुचविण्यात आली. त्याच पाहणीत असेही दिसले की मुलींच्या पावलाची वाढ सुमारे अकराव्या वर्षी शिखर गाठते. म्हणजे पाचवी-सहावीतली मुलगी. नेमक्या याच वयात थोरल्या बहिणीचे बूट धाकटीला देण्याची काटकसर आपण करतो. लग्नातील एका साडीच्या किमतीत तिचे चार वर्षांचे बूट येतील, हा हिशेब एकदा करून पाहावा.

कोल्हापुरीविषयी लिहिले नाही तर वाचक मला मराठी मानणार नाहीत. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये तिच्यासारखीच चप्पल झळकली व वादही झाला. मलाही ती प्रिय आहे. परंतु तिचा तळ कठीण, मागे पट्टा नाही, आणि नवी असताना अंगठ्यापाशी हमखास घासते. निरोगी पायाला हे सोसते. मधुमेहाने संवेदना गेलेल्या पायाला सोसत नाही, कारण ती घासली आहे हे त्या पायाला कळतच नाही.

खरी चिंता मधुमेही स्त्रीचीच आहे. तिला खिळा, खडा, निखारा जाणवत नाही. घरात व स्वयंपाकघरात चप्पल घालणे अनेक घरांत विटाळाचे समजतात. त्यावर घरापुरती वेगळी, धुतलेली रबरी चप्पल हा सोपा उपाय आहे, आणि सासूबाईंना तो डॉक्टरांनीच सांगितला तर लवकर पटतो. सप्तशृंगीचा अनवाणी पायी नवस, वैशाखातल्या दुपारी देवळाची तापलेली फरशी, सुजेत रुतणारी जोडवी, या गोष्टी श्रद्धेचा मान राखूनच, पण स्पष्ट बोलायला हव्यात. देवदर्शन सकाळी लवकर करता येते. जोडवी सैल करून घेता येतात. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या असतील तर साचलेल्या पाण्यातून चालणे टाळावे. दक्षिण गुजरातेत लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच भिजलेल्या, फुटलेल्या त्वचेतून शिरतात. भातलावणीला जाणाऱ्या बायकांना तर याचा धोका सर्वांत अधिक.

बधिर पायासाठी मायक्रोसेल्युलर रबराची मऊ चप्पल उत्तम. परंतु ही चप्पल कुष्ठरुग्णांना दिली जात असल्याने 'लोक काय म्हणतील' या भीतीने ती घरात पडून राहते. ही भीती घालविणे औषधाच्या चिठ्ठीने होणारे काम नाही; तेथे समाजमंडळांचा शब्द चालतो.

आता स्वकीयांसाठी दोन शब्द. आपण रक्तशर्करेचा अहवाल पाहतो, रक्तदाब मोजतो, पण रुग्णेला चप्पल काढायला सांगत नाही. साडीच्या निऱ्यांखाली काय आहे ते पाहायचे राहून जाते. वयस्क स्त्री तर "नका बाई, पायाला हात नका लावू, मला पाप लागेल" म्हणून पाय मागे ओढते. तेवढ्यावर थांबू नये. १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट आणि १२८ हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क यांनी पाच मिनिटांत संवेदना तपासता येते. बोटांच्या बेचक्या पाहायला तर काहीच साधन लागत नाही.

मंडळाच्या पुढील आरोग्य शिबिरात रक्तदाबाच्या टेबलाशेजारी एक बुटके स्टूल, काही कोरे कागद व पेन्सिल ठेवावी, अशी माझी सूचना आहे. प्रत्येक भगिनीने कागदावर उभे राहावे, कोणीतरी पावलाची रेघ ओढावी, आणि तिची रोजची चप्पल त्या रेघेवर ठेवावी. रेघ चपलेबाहेर कोठे कोठे येते ते तिला स्वतःलाच दिसेल. तो कागद तिने घरी न्यावा व पुढची खरेदी करताना सोबत ठेवावा.